शाळेतली फ्रेंच: गुण पदरात, बोलणं दूर

सीबीएसईच्या दहावीच्या फ्रेंच प्रश्नपत्रिकेची रचना एकदा नीट पाहावी. ८० गुणांपैकी १० गुण उतारा वाचून उत्तरं देण्याला, २० लेखनाला, ३० व्याकरणाला आणि २० ‘संस्कृती आणि सभ्यता’ या नावाखाली पाठ्यपुस्तकातल्या धड्यांवरच्या प्रश्नांना. फ्रेंच ऐकून समजते का, ती बोलता येते का, याला त्या तीन तासांत जागाच नाही. उरलेले २० गुण शाळेच्या हातात असतात आणि त्यांच्या एका कोपऱ्यात ऐकणं-बोलणं बसवलेलं असतं. त्यामुळे पाच वर्षं फ्रेंच शिकून नव्वदीपार गेलेल्या मुलीला पॅरिसच्या विमानतळावर हरवलेल्या बॅगेची चौकशी करता आली नाही, तरी तिच्या गुणपत्रिकेत ते कुठेच दिसत नाही. यात तिचा दोष नाही आणि तिच्या शिक्षिकेचाही फारसा नाही. जे तपासलं जाणार नाही, त्यावर तासिका खर्च करणं कुणालाच परवडत नाही.

शाळेत फ्रेंच कशी शिकवली जाते, या प्रश्नाचं निम्मं उत्तर ती का निवडली जाते यातच दडलेलं आहे. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत कुठे पाचवीत, कुठे आठवीत भाषेचा पर्याय समोर येतो: हिंदी, संस्कृत, काही ठिकाणी जर्मन, काही ठिकाणी फ्रेंच. पालकांमध्ये त्या आठवड्यात एकच शब्द फिरत असतो, ‘स्कोअरिंग’. हिंदीच्या निबंधात परीक्षक गुण कापतात. फ्रेंचमध्ये क्रियापदाचं रूप बरोबर आलं की पूर्ण गुण, असा हिशेब. तो चुकीचाही नाही. राज्य मंडळात २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ लागू झालं, तेव्हापासून सहा विषयांतल्या उत्तम पाचांचेच गुण टक्केवारीत धरले जातात आणि भाषेत मिळालेले भरघोस गुण गणित-विज्ञानातली पडझड सावरतात. अकरावी-बारावीत पुन्हा तीच निवड ‘आयटी घेऊ की फ्रेंच?’ अशा रूपात येते.

या हिशेबात मराठी माध्यमाची शाळा बहुतेक वेळा बाहेरच राहते. तिथे संस्कृत असते, हिंदी असते. फ्रेंचचा वर्ग असलेल्या मराठी शाळा विरळाच. म्हणून फ्रेंच ही शहरी, इंग्रजी शिकणाऱ्या, फी परवडणाऱ्या घरांची भाषा झाली आहे. हे अन्यायाचं आहेच, शिवाय त्यात शिक्षणाचंही मोठं नुकसान आहे. कारण फ्रेंच शिकायला घरातली मराठी जितकी कामी येते, तितकी इंग्रजी येत नाही.

हे जरा तपशिलात पाहायला हवं. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात प्रश्न पडतो, की निर्जीव वस्तूंना लिंग कशाला? मराठी बोलणाऱ्या मुलाला हा प्रश्न पडायचं कारण नाही. त्याच्या भाषेत दरवाजा तो, खिडकी ती आणि घर ते. विशेषणही नामाप्रमाणे बदलतं: मोठा दरवाजा, मोठी खिडकी. फ्रेंचमध्ये दार स्त्रीलिंगी आणि भिंत पुल्लिंगी आहे, म्हणजे लिंगं नव्याने पाठ करावी लागतील. पण लिंग असतं आणि त्यामागोमाग विशेषण बदलतं, ही जाण त्याच्या जिभेवर आधीपासून आहे. तू आणि तुम्ही यांतलं अंतरही तसंच. इंग्रजीने सगळ्यांना एकाच सर्वनामात बसवलं; फ्रेंचने मित्राला ‘त्यू’ आणि अनोळखी माणसाला ‘व्हू’ असा भेद ठेवला. आजोबांना आणि वर्गमित्राला वेगळ्या रूपाने हाक मारणाऱ्या मुलाला हा भेद समजावायला पाच मिनिटं पुरावीत. फ्रेंच मुलं आजोबांनाही ‘त्यू’ म्हणतात, हे मात्र वेगळं सांगावं लागतं.

सगळ्यात मोठी गंमत भूतकाळात आहे. जाणं-येणं दाखवणाऱ्या काही फ्रेंच क्रियापदांचं भूतकाळी रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मराठीतही ‘तो आला, ती आली’. इतर बहुतेक क्रियापदांत, कर्म आधी आलं तर क्रियापदाचं रूप कर्माशी जुळवून घेतं. या नियमापुढे नववी-दहावीची मुलं हमखास अडतात. खुद्द फ्रान्समधली मुलंही अडतात. पण ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ ही वाक्यं मराठी मूल तीन-चार वर्षांचं असल्यापासून बिनचूक बोलतं. कर्माप्रमाणे क्रियापद वळवण्याची सवय त्याला आहे. इंग्रजीला ती नाहीच. तरीही वर्गात हा नियम इंग्रजीतून, तक्ता काढून, अपवादांसकट शिकवला जातो. समोर बसलेल्या चाळीस मुलांपैकी निदान निम्म्यांच्या तोंडात तो आधीच आहे, हे कुणी त्यांना सांगत नाही.

उच्चारांत मात्र मराठीची मदत अर्धीच. देवनागरीत जे लिहिलं ते बहुतांशी बोललं जातं, त्यामुळे शब्दाच्या शेवटची अक्षरं गिळणारी फ्रेंच मुलांना फसवते. घशातला ‘र’ आणि ओठांचा चंबू करून काढायचा ‘यू’ला जवळचा स्वर हे कानानेच शिकावे लागतात. मुलं वहीत शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात आणि तो चुकीचा उच्चार दहावीपर्यंत सोबत येतो. अनुनासिक स्वरांच्या बाबतीत गोव्यातली कोंकणी मुलं सरस ठरायला हवीत, कारण त्यांच्या भाषेत असे स्वर रोजचेच आहेत.

मग शिक्षक मराठीचा आधार का घेत नाहीत? एक कारण पुस्तकं. बाजारातली बहुतेक पुस्तकं इंग्रजी जाणणाऱ्या वाचकासाठी लिहिलेली असतात. सीबीएसईचं ‘आंत्र ज्यन’ हे नववी-दहावीचं पुस्तक त्यातल्या त्यात मुलांच्या जगाजवळ आहे: कुटुंब, शाळा, पॉकेटमनी, सणवार, प्रसारमाध्यमं, पर्यावरण असे विषय घेऊन ते पुढे सरकतं. महाराष्ट्रातही या क्षेत्रात काम झालं आहे. मंजिरी खांडेकर आणि रूपा लुकतुके यांनी लिहिलेली ‘ज्युमलाज’ ही पाठ्यपुस्तकं भारतीय विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, मुंबईत १९३८ पासून असलेली आलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था, पुण्यातली तिची भगिनी संस्था यांनी शिक्षकांच्या काही पिढ्या घडवल्या.

याच परंपरेतलं एक नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. माधुरी पुरंदरे यांनी पुण्याच्या आलियाँसमध्ये अनेक वर्षं फ्रेंच शिकवली. पुढे त्यांच्याच हातून ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ ही ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं आली, आणि मराठी मुलांना स्वतःची भाषा नियम न घोकता, वापरून, खेळून, चाचपून शिकण्याचा रस्ता मिळाला. परकी भाषा शिकवण्याच्या अनुभवातून आलेली नजर मातृभाषेच्या शिक्षणाला किती देऊ शकते, याचं याहून चांगलं उदाहरण मराठीत शोधूनही सापडणार नाही. फ्रेंच आली की मराठी जाते, असं मानणाऱ्यांनी ही पुस्तकं चाळावीत.

शिकवण्याच्या पद्धतींचा इतिहासही थोडा पाहायला हवा. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात जर्मन आणि फ्रेंच ग्रंथ वाचण्यापुरत्या शिकून घेतल्या. त्या उद्देशाला व्याकरण आणि शब्दकोश पुरेसे होते. शाळांनी हीच पद्धत उचलली, पण तिचा उद्देश मागे राहिला. १९५३ साली गास्तों मोजे यांचं निळ्या पुठ्ठ्याचं पाठ्यपुस्तक आलं आणि जगभरच्या आलियाँस वर्गांत पुढची काही दशकं तेच चाललं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज गुगनेम आणि सहकाऱ्यांनी लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून, मोजून, रोजच्या वापरातल्या सुमारे दीड हजार शब्दांची यादी काढली. साठच्या दशकात तिच्या आधारावर चित्रफितींच्या आणि टेपच्या मदतीने शिकवणं सुरू झालं. १९७६ मध्ये युरोप परिषदेने ‘निदान इतकं यायला हवं’ अशी फ्रेंचची पातळी आखून दिली आणि २००१ मध्ये ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांची सामायिक चौकट आली. आता भाषेचं ज्ञान मोजायचं ते ‘काय करता येतं’ यावर: रस्ता विचारता येतो का, तक्रार नोंदवता येते का, मत मांडता येतं का.

भारतीय शाळेत ही चौकट पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंत पोहोचली, प्रश्नपत्रिकेपर्यंत नाही. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची डेल्फ परीक्षा तिच्या शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. तिथे ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चार कौशल्यांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात आणि एकाही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. व्याकरणाचा वेगळा विभागच नाही; ते लिहिण्या-बोलण्यात तपासलं जातं. त्यामुळे डेल्फची तयारी करणाऱ्या वर्गात आवाज असतो. बोर्डाची तयारी करणाऱ्या वर्गात तसा तो क्वचितच ऐकू येतो.

आणि आवाज व्हायला वेळ तरी कुठे आहे? ३५ मिनिटांच्या तासाला ५० मुलं असली, शिक्षिका स्वतः एक शब्दही बोलली नाही आणि प्रत्येकाला बोलू दिलं, तरी वाट्याला येतात ४२ सेकंद. जोड्या पाडून बोलायला लावणं हा त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय. पण शेजारच्या वर्गाला त्रास होतो म्हणून तोही अनेकदा बंद पडतो. त्यात फ्रेंचचे शिक्षक बरेचदा तासिका तत्त्वावर नेमलेले. एका शाळेत सकाळी, दुसरीत दुपारी, संध्याकाळी घरी शिकवण्या. पगारी सुट्टी नाही, प्रशिक्षणाला रजा नाही. ज्या विषयावर शाळा आपल्या माहितीपत्रकात अभिमानाने ओळी छापते, त्याच विषयाच्या शिक्षकाला ती कायम जागा देत नाही, हे लाजिरवाणं आहे.

राज्य मंडळाला तोंडी परीक्षेचा एक कडू अनुभव आहे. शाळा भाषांच्या तोंडी आणि अंतर्गत परीक्षांचे २० गुण सढळ हाताने वाटतात म्हणून २०१८-१९ मध्ये ते काढून टाकले गेले. २०१९ चा दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले. या सगळ्या चर्चेत तोंडी परीक्षा म्हणजे टक्केवारीचा टेकू, एवढंच गृहीत होतं. मूल खरंच बोलतं का, हा प्रश्न मागेच पडला. तोंडी परीक्षा रद्द करणं हा उपाय नव्हता आणि ती होती तशी परत आणणं हाही नव्हता; बाहेरचा परीक्षक बोलावून ती खरी करणं, हा होता.

बाहेरच्या जगात काय घडलं, हे इथे उपयोगी पडतं. कॅनडात माँट्रियलजवळच्या सँ-लांबेअर गावी १९६५ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी शाळेमागे लागून मुलांचा बालवर्ग पूर्णपणे फ्रेंचमधून सुरू करवला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट यांनी त्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. मुलांची इंग्रजी खालावली नाही आणि फ्रेंच ऐकून समजण्यात ती झपाट्याने पुढे गेली. हीच पद्धत पुढे देशभर पसरली. पण १९८५ मध्ये टोरांटोच्या मेरिल स्वेन यांनी दाखवून दिलं, की वर्षानुवर्षं फ्रेंचमध्ये बुडून राहिलेल्या मुलांचंही बोलणं आणि लिहिणं ऐकण्याच्या मानाने मागेच राहतं, कारण वर्गात त्यांना मोठं, नेमकं बोलावंच लागत नाही. नुसतं कानावर पडणं पुरत नाही; बोलायला भाग पाडलं पाहिजे. दिवसभर फ्रेंच ऐकणाऱ्या मुलांची ही गत, तर आठवड्याला चार-पाच तासिकांच्या वर्गाकडून काय अपेक्षा ठेवणार?

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १९७७ च्या भाषा कायद्यानुसार स्थायिक होणाऱ्या परदेशी कुटुंबांच्या मुलांना प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण फ्रेंच शाळेतच घ्यावं लागतं, अपवाद मोजके. पुण्याहून माँट्रियलला गेलेल्या घरातलं मूल म्हणूनच आधी खास ‘स्वागतवर्गा’त बसतं आणि मग गणित, इतिहास, मैदानावरची भांडणं, सगळंच फ्रेंचमधून करतं. तिथे फ्रेंच हा विषय नसून शाळेचं माध्यमच आहे. इकडे महाराष्ट्रातही कॅनडाच्या स्थलांतर प्रक्रियेत २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या निवडफेऱ्या सुरू झाल्यावर तिशीतले अभियंते क्लास लावू लागले. त्यांतल्या काहींनी शाळेत फ्रेंच घेतलेलीही असते. तरी सुरुवात पुन्हा पहिल्या पायरीपासून.

मराठी माणसाचं फ्रेंचशी जुनं आणि जिवंत नातं मात्र मॉरिशसमध्ये आहे. १८३४ नंतरच्या गिरमिटाच्या, म्हणजे करारबद्ध मजुरीच्या काळात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवून घेतात, गणपती बसवतात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचं अध्यापन होतं आणि शाळांत मुलं ऐच्छिक विषय म्हणून मराठी घेतात. त्यांच्या शाळेचं अधिकृत माध्यम इंग्रजी, घरात बहुधा क्रिओल, वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंच. क्रिओलचा शब्दसाठा फ्रेंचमधूनच आलेला असल्याने फ्रेंचचा वर्ग तिथे अनोळखी वाटत नाही; उलट मराठीच परकी भाषेसारखी, नव्याने शिकवावी लागते. चार भाषांमध्ये वावरणारं हे मूल पाहिलं की ‘इतक्या भाषांचं ओझं पेलवेल का’ हा आपल्याकडचा वाद फार वेगळा दिसू लागतो. ओझं भाषांच्या संख्येचं नसतं. न वापरता पाठ कराव्या लागणाऱ्या भाषेचं असतं.

इंग्लंडचं उदाहरण मात्र सावध करणारं आहे. तिथल्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांना प्रत्येकी २५ टक्के वजन आहे, म्हणजे इथे जे मागितलं जातंय ते तिथे आहेच. तरीही २००४ मध्ये चौदा वर्षांपुढे परकी भाषा ऐच्छिक झाली आणि फ्रेंच घेणाऱ्यांची संख्या घसरत गेली. २०२५ मध्ये स्पॅनिशने तिला मागे टाकलं. फ्रेंचमध्ये चांगली श्रेणी मिळणं अवघड, ही तिथल्या मुलांची ठाम समजूत होती. २०१९ मध्ये परीक्षा नियामकानेही फ्रेंच आणि जर्मनची श्रेणी इतर विषयांच्या मानाने कडक लागते हे मान्य करून ती सैल करायचं ठरवलं. महाराष्ट्राला यातून एक अवघड प्रश्न पडतो. इथे फ्रेंच घेतली जाते ती गुणांसाठी. उद्या बोलण्याची परीक्षा खरी आणि कडक झाली, तर वर्गच रिकामे होतील का?

काही होतील. ते पत्करायला हवं. पण परीक्षा खरी करणं आणि ती कडक करणं या एकच गोष्टी नाहीत. डेल्फच्या पहिल्या पायरीवर बोलण्याची परीक्षा पाच-सात मिनिटांची असते. स्वतःची ओळख, दोन-चार साधे प्रश्न, छोटीशी खरेदी. चुका चालतात, निरोप पोहोचला पाहिजे. अशा परीक्षेत चांगले गुण मिळवणं सामान्य मुलालाही जमतं, फक्त त्यासाठी वर्षभर तोंड उघडावं लागतं.

आणखी एक सावट धोरणाचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक टप्प्यावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन यांची नावं घेतली आहेत. पण त्याच धोरणात तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात अशी अट आहे आणि २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ती दहावीपर्यंत नेली. इंग्रजी भारतीय भाषांत धरली जात नाही. मग इंग्रजी, मराठी, फ्रेंच ही मुंबईच्या अनेक शाळांतली जोडणी अटीत बसत नाही. फ्रेंच हवी असेल तर ती चौथी भाषा म्हणून, नाहीतर इंग्रजी सोडून. इंग्रजी कोण सोडणार? धोरण कागदावर फ्रेंचला दार उघडतं आणि वेळापत्रकात तिची खुर्ची काढून घेतं. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीची जर्मन वर्षाच्या मध्यात काढून तिथे संस्कृत आणली गेली, तेव्हा हजारो मुलांची आणि शिक्षकांची जी ओढाताण झाली, ती पुन्हा होऊ नये एवढी तरी काळजी घ्यायला हवी. मराठी सक्तीची असणं योग्यच आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये त्यासाठी कायदा केला, तो हवाच होता. प्रश्न मराठी विरुद्ध फ्रेंच असा नाही.

दुसरीकडे मागणी वाढते आहे. फ्रान्सने २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थ्यांचं लक्ष्य जाहीर केलं आहे आणि फ्रेंच न येणाऱ्यांसाठी आधी भाषा शिकवणारे वर्गही. नागपूरच्या मिहानमध्ये दासो या फ्रेंच कंपनीच्या विमानांचे सुटे भाग तयार होतात. फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ३२ कोटी १० लाख लोक फ्रेंच बोलतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत आहेत. शाळेच्या पुस्तकात मात्र आयफेल टॉवर आणि चीजचे प्रकार यांनाच अजून मोठी जागा. डकार, किन्शासा, आबिजान या शहरांची मुलांना जवळपास ओळखच नाही. फ्रेंच विद्यापीठात फ्रेंचमधून शिकायचं तर साधारण बी२ ही पायरी लागते. शालेय फ्रेंच तिथपासून बरीच खाली थांबते.

बोर्डांचे निर्णय यायला वेळ लागेल. तोवर शाळेच्या हातातले २० गुण तरी शाळेचेच आहेत. त्यातले दहा गुण ऐकण्या-बोलण्याला द्यायचे, जवळच्या शाळेतल्या फ्रेंच शिक्षिकेला परीक्षक म्हणून बोलवायचं आणि मुलांच्या उत्तरांचं ध्वनिमुद्रण जपून ठेवायचं, एवढं कोणताही मुख्याध्यापक येत्या जूनपासून करू शकतो. ऐकण्याच्या सरावाला फ्रेंच आंतरराष्ट्रीय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र इंटरनेटवर रोज फुकट मिळतं. आठवीच्या मुलांना त्यातलं पहिल्या दिवशी भारताचं नाव आणि एखादा आकडा कळेल. दिवाळीपर्यंत पावसाची आणि फुटबॉलची बातमी कळू लागेल.